काकू लिहून राहिल्या

होळीची राख थंड व्हायच्या आत आमच्या गल्लीत कुलर बाहेर निघतात. वर्षभर गच्चीवर जुनी चादर पांघरून बसलेले ते लोखंडी डबे दोघं जण धरून जिन्यावरून उतरवतात. कुणी तरी 'जरा डावीकडे' म्हणतं, ऐकणारा उजवीकडे जातो, आणि कुणाचं तरी बोट हमखास चेमटतं. वसंत ऋतू पुस्तकात असेल तो असो, नागपुरात कुलर असतो.

त्या सकाळी मी अंगणात कुलरच्या ताट्या धूत होते. पाण्याची धार सोडली की मागच्या उन्हाळ्याची सगळी धूळ अंगावर येते. तेवढ्यात भिंतीवर काकूंचं डोकं उगवलं. आमच्या दोन घरांमधली भिंत साडेचार फुटांची आणि काकू पाच फुटांना दोन इंच कमी. म्हणून त्यांच्या बाजूला दोन विटा कायमच्या मांडलेल्या आहेत. मागे घराला रंग दिला तेव्हा मजुरानं त्या उचलून नेल्या होत्या. काकूंनी त्याला चहा पाजून परत आणवल्या.

"ऐकून राहिली का गं?"

"बोला की."

"मी लेखिका झाली."

मी पाणी बंद केलं. काकू निवृत्त शिक्षिका. अडतीस वर्षं गणित शिकवलं. त्यांनी आजवर लिहिलेलं मी काही वाचलं असेल तर ते दूधवाल्याच्या कॅलेंडरवर, 'आज अर्धाच, तोही पाणी घालून'.

झालं असं, की होळीला पुण्याहून नातू आला होता. जाता जाता त्यानं आजीच्या फोनवर एक ब्लॉग उघडून दिला. आजी, तू एवढं बोलतेस, तर लिही, म्हणाला, आणि गेला. तेव्हापासून तीन दिवस काकू त्या ब्लॉगचं घर लावत होत्या. नाव ठरलं, ते दोनदा बदललं. पाठीमागचा रंग आधी भगवा, मग मोरपंखी, मग पुन्हा भगवा. वर संत्र्याचा फोटो लागला.

"अन् मजकूर?"

"तोच तं राह्यला नं बाप्पा."

राहिला म्हणजे अगदीच राहिला नव्हता. काकू आत गेल्या आणि वही घेऊन आल्या. विटांवर उभ्या राहून, चष्मा लावून, कार्यक्रमात वाचतात तसं वाचायला लागल्या. मथळा होता 'ग्रीष्माचे आगमन'. पहिलं वाक्य असं, की ऋतुचक्राच्या अव्याहत फेऱ्यामध्ये ग्रीष्म ऋतूचे स्थान अनन्यसाधारण आहे. दुसऱ्या वाक्यात सूर्यनारायण आले. तिसऱ्यात वसुंधरा होरपळली. चौथ्यात एक कोकिळा होती, ती आमच्या गल्लीत मी तरी वीस वर्षांत ऐकलेली नाही.

"काकू, दहावीच्या पोरानं हे लिहिलं असतं तर किती मार्क दिले असते तुम्ही?"

काकूंनी प्रामाणिकपणे विचार केला. "आठ."

"दहापैकी?"

"पंधरापैकी."

वही मिटली. चेहरा पडला. मग विषय बदलायचा म्हणून त्यांनी माझ्या ताट्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ताट्या धुऊन काही होत नाही गं. वरची नळी पाहिली का?"

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं देते.

दोन उन्हाळे काका म्हणत होते, की कुलरची हवा गरम येते. काकू म्हणत होत्या, हवा तीच आहे, तुमचं वय झालं. पहिल्या उन्हाळ्यात काकांनी पलंग खिडकीशी सरकवला. दुसऱ्या उन्हाळ्यात ओला पंचा छातीवर घेऊन झोपले. काकू गार. शेवटी कुलरवाल्याला बोलावलं. त्यानं झाकण काढलं, पंपाला कान लावला, डॉक्टर लावतात तसा, आणि म्हणाला, "पंप चांगला आहे काकू, पाणीच वर पोहोचून नाही राहिलं." नवा पंप घ्या, असंही म्हणाला. काकूंनी त्याला चहा दिला, पैसे नाही दिले. तो गेल्यावर त्यांनी स्वतः झाकण उघडलं. ताटीच्या वर जी पाण्याची नळी असते, तिला बारीक छिद्रं असतात, त्यांतून पाणी ताटीवर झिरपतं. आपल्या पाण्यातला क्षार त्या छिद्रांत बसतो. काकूंनी छिद्रं मोजली. गणिताच्या बाई, दुसरं काय करणार. एकवीस छिद्रं. त्यांतली सात बंद. सातही ओळीनं, काकांच्या पलंगाकडच्या ताटीवरची.

"म्हणजे ताटी कोरडीच?"

"ठणठणीत! दोन वर्षं तो माणूस लू खाऊन राहिला होता, अन् मी त्याला म्हातारा म्हणून राहिली होती."

"मग?"

"मग काय, साडीची सेफ्टी पिन काढली, सातही टोचली. पाणी लागलं. संध्याकाळी ते लेटले अन् म्हणाले, आज हवा गार आहे. मी म्हटलं, पाहा, वय कमी झालं तुमचं."

"अन् छिद्रांचं सांगितलं का नाही?"

"काहून सांगू?"

मी हसून हसून नळीवर बसले. मग म्हटलं, "काकू, हे लिहा."

"हे?" काकूंनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी त्यांना लुगडं नेसून बाजारात जायला सांगितलं. "हे काय लिहायचं? हे तं सांगायचं असतं."

तिथंच गाडी अडते, आणि ती एकट्या काकूंची अडत नाही. माणूस भिंतीवरून बोलतो तेव्हा त्याला सगळं सुचतं, कुठं थांबायचं, कुठं आकडा सांगायचा, कुलरवाल्याचा कान कुठं लावायचा. पेन हातात आलं की मात्र अंगात कोणी तरी सत्काराचा अध्यक्ष शिरतो. माझ्याही शिरतो. मी वीसेक वर्षं पुरवण्यांत इकडंतिकडं लिहिते, तरी पहिला परिच्छेद बहुतेक वेळा खोडावाच लागतो, कारण तो त्या अध्यक्षाचा असतो.

काकूंना पटेना. लिहिणं म्हणजे काही इयत्ता असते, त्यात घरातलं कसं बसवायचं? शिवाय नवऱ्याचं लिहायचं? लोक काय म्हणतील?

मी म्हटलं, "लक्ष्मीबाई टिळक आठवतात?"

"न आठवायला काय झालं? स्मृतिचित्रे. डी.एड.ला वाचली होती."

"त्या कितवी शिकल्या होत्या?"

काकू गप्प. कारण लक्ष्मीबाई शाळेत गेल्याच नव्हत्या. लग्न लहानपणी झालं, अक्षरओळख नंतर घरीच झाली, ती नारायण वामन टिळकांनी करून दिली. आणि हे टिळक काही काळ आपल्या नागपुरातच होते, अप्पासाहेब बुटींकडे कामाला. म्हणजे त्या पुस्तकातला थोडा संसार इथल्याच उन्हात झाला आहे. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली आला. बाईंचं वय तेव्हा पासष्टीच्या पुढं. त्यात ग्रीष्माचं आगमन नाही. त्यात विसरभोळा, रागीट, हातचं देऊन टाकणारा नवरा आहे, त्याच्यापायी उडालेली त्रेधा आहे, आणि ती सांगणारी बाई स्वतःलाही सोडत नाही. आपणच कसे फसलो, कसे घाबरलो, हे ती सगळ्यात चवीनं सांगते. नव्वद वर्षं झाली, लोक वाचून राहिले आहेत.

"त्यांचे टिळक कवी होते," काकू म्हणाल्या. "आमचे हे कोर्टात कारकून होते."

"गरम हवा दोघांनाही लागते."

हे त्यांना बरोबर लागलं. मग कामाचे प्रश्न सुरू झाले. विटेवरून उतरून त्या आतून स्टूलच घेऊन आल्या.

पहिला प्रश्न, किती लिहायचं आणि किती दिवसांनी. मी म्हटलं, भिंतीवरून पाय दुखेपर्यंत जेवढं बोलता तेवढं. दर आठवड्याला एक, वार ठरवून. वार ठरला नाही तर ब्लॉगचं पुढं काय होतं ते मला माहीत आहे. माझ्या ओळखीत अशी पाच-सहा घरं आहेत, की दारावर सुंदर पाटी, आत एक लेख आणि त्यात 'लवकरच भेटू'. गोपाळ हरी देशमुखांचं उदाहरण मी काढलं. १८४८ साली मुंबईला भाऊ महाजनांचं 'प्रभाकर' नावाचं साप्ताहिक होतं. त्यात या माणसानं 'लोकहितवादी' या नावानं पत्रं लिहायला घेतली. वय पंचवीस, सरकारी नोकरी. एकेक पत्र छोटं, एकेक विषयाला धरून, आणि आपल्याच लोकांचे कान उपटणारं. नावाला 'शतपत्रे', भरली एकशे आठ.

"शंभर म्हणून एकशे आठ दिली? आठ टक्के जास्त," काकू म्हणाल्या. मग ओठांतल्या ओठांत हिशेब केला. "एकशे आठ भागिले बावन्न. दोन वर्षं अन् वर चार आठवडे. आठवड्याला एक धरली तं मी एकोणसत्तर वर्षांची होईन."

"नाही लिहिली तरी व्हालच."

त्यावर त्यांनी मला ओल्या ताटीचं गवत फेकून मारलं.

चिपळूणकरांचंही सांगितलं, कारण तेही मास्तर. १८७४च्या जानेवारीत 'निबंधमाला' काढली तेव्हा चोवीस पूर्ण नव्हती. मासिक, आणि लिहिणारा मुख्यतः एकच माणूस. चौऱ्याऐंशी अंक काढले. चौऱ्याऐंशी म्हटल्यावर काकूंच्या डोळ्यांत जी चमक आली ती ग्रीष्माच्या लेखात नव्हती. बाराचा पाढा आहे ना तो.

दुसरा प्रश्न नावाचा. स्वतःचं नाव घालू की टोपणनाव? लोकहितवादींना नोकरी होती म्हणून टोपणनाव, तर मग आपल्याला पेन्शन आहे. "पेन्शन तं नाही नं बंद करणार कोणी?" मी म्हटलं, कुलरच्या छिद्रांवरून सरकार कुणाची पेन्शन बंद करत नाही. तरी त्यांनी दोन-तीन नावं काढून ठेवली होती. 'वैदर्भी' हे त्यांतल्या त्यात बरं, बाकीची मी इथं देत नाही. आपल्या गावात माणिक गोडघाट्यांनी 'ग्रेस' हे नाव घेतलं आणि ते शोभलं, पण त्याला तशी कविता लागते. कुलरला आपलं साधं नाव बरं. खाली 'निवृत्त शिक्षिका, नागपूर' घातलं, की वाचणाऱ्याला कोण बोलतंय ते कळतं आणि तो थोडा सरळ बसतो.

टायपिंगची गोष्ट मात्र दोन दिवस चालली. काकूंना वाटलं होतं, की काकांच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिहावं आणि फोनवर न्यावं. त्या कॉम्प्युटरवर काका कोणे एके काळी सोसायटीच्या नोटिसा टाइप करायचे, त्यातला फॉन्ट जुन्या पद्धतीचा. तिथं दिसायला 'कुलर', फोनवर नेला की नुसती रांगोळी. मी सांगितलं, की त्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरालाच मराठी अंगरखा घातलेला असतो. ज्याच्याकडे तो अंगरखा नाही त्याला आतलं अंग दिसतं. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथं प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, जगात कुठंही तोच. आपल्या 'क'चा ०९१५. तो नागपुरात क, नाशकात क आणि न्यू जर्सीतही क. काकूंना हे इतकं आवडलं, की त्यांनी 'ख' ०९१६ का, असं विचारलं. होय, ०९१६. मग 'ग'पासून त्यांनीच पुढं सुरू केलं.

फोनवर बोटानं टाइप करायला त्यांना वेळ लागतो, म्हणून बोलून टाइप करायचं ठरलं. माइकचं चित्र दाबा आणि भिंतीवरून बोलता तसं बोला. हे मला फार पसंत पडलं, कारण त्यात अध्यक्षाला शिरायला जागा नाही. पण फोनला नागपुरी बोलीची सवय नाही. काकू म्हणाल्या 'ताटी कोरडी', फोननं लिहिलं 'पार्टी कोरडी'. काकू म्हणाल्या 'वाळा', तो म्हणाला 'बाळा'. आणि सगळ्यात वर म्हणजे 'एकवीस छिद्रं, सात बंद' याचं त्यानं केलं, 'एकवीस चित्रं, सात बंद'. कोणत्या तरी प्रदर्शनावर पोलिसांनी धाड घातल्यासारखं. शिवाय पूर्णविराम हा प्रकार फोनला माहीतच नाही. अख्खा उन्हाळा एका वाक्यात. तर मी म्हटलं, आधी बोलून घ्या, मग लाल पेनाची बाई होऊन तपासा. ऱ्हस्व-दीर्घ, पूर्णविराम, पार्टीची ताटी. एकदा मोठ्यानं वाचा. जिथं जीभ अडखळते तिथं वाक्य चुकलेलं असतं.

"अन् भाषा? 'करून राहिली' लिहू का 'करत आहे'?"

आता हा प्रश्न आपल्याकडच्या प्रत्येकाला छळतो. शाळेत आपण 'करत आहे' लिहिलं, घरी 'करून राहिलो' बोललो. माझं मत असं, की सांगणारी बाई शुद्ध सांगू दे, पण माणसं बोलतात तिथं त्यांचं तोंड बांधू नये. कुलरवाला 'पोहोचत नाही' म्हणाला तर तो पुण्याचा कुलरवाला होतो, आणि पुण्यात त्याला एवढं काम नाही. काकूंनी लगेच दुसरा पेच टाकला. पुढच्या आठवड्यात त्यांना पुडाच्या वडीवर लिहायचं आहे. त्यात सांबार लागतो. आपल्या सांबाराला बाकीच्या महाराष्ट्रात कोथिंबीर म्हणतात, आणि त्यांना सांबार म्हणजे इडलीबरोबरचं. पुण्याच्या नातसुनेनं इडलीचं सांबार वडीत भरलं तर? मी म्हटलं, पहिल्यांदा 'सांबाराच्या दोन हिरव्यागार जुड्या निवडल्या' असं लिहा. जुडी म्हटलं की इडलीवाल्यालाही कळतं. त्यासाठी कोथिंबीर लिहायची गरज नाही.

मग काकूंनी आवाज खाली केला. स्टूल भिंतीला आणखी चिकटवलं. "तिकडच्या कोपऱ्यावरच्या घराचं लिहू का?"

त्या घराचं काय आहे ते इथं सांगता येणार नाही, आणि तेच माझं उत्तर होतं. मी एकदा भाजलेली आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका पुरवणीत मी लग्नाच्या पंगतीवर लिहिलं. त्यात एक बाई होती, जी वाढप्याला हाक मारून मारून जिलबी आपल्या पानाकडं वळवत राहते. नाव बदललं, गाव बदललं, जिलबीचा बुंदीचा लाडू केला. पण तिच्या नथीतला एक मोती पिवळट होता, तो मला इतका आवडला होता, की तो मी तसाच राहू दिला. रविवारी सकाळी साडेसातला फोन आला. आमची एक आत्या. म्हणाली, "मोती पिवळा नाही, बसऱ्याचा आहे." त्यानंतर दोन वर्षं बोलली नाही. नाव बदलायचं आणि नथ ठेवायची, हे धोक्याचं. नथ बदलावी तर लेख जातो. म्हणून घरातल्या माणसाचं लिहायचं तर आधी स्वतःला हास्यास्पद करायचं, आणि शेजाऱ्याचं लिहायचं तर त्याला विचारायचं. कोपऱ्यावरच्या घराला जाऊन विचारा, म्हटलं. काकूंनी तो विषय सोडला.

कुलरवाल्याला मात्र खरंच विचारलं. त्याची मोटारसायकल आमच्याच गल्लीत उभी होती. त्याला वाटलं, काकू तक्रार लिहून राहिल्या. मग समजावल्यावर म्हणाला, "लिहा नं काकू. फोटू टाका. नंबरबी टाका." नंबर टाकायचा नाही असं ठरलं. नवा पंप घ्या म्हणाला होता, ते ठेवायचं असं काकूंनी ठरवलं. तो 'चालते' म्हणाला. फोटोसाठी त्यानं केस मागं सारले, तेवढ्यात काकूंनी नळीचा फोटो काढला. इंटरनेटवरून कुणाचा तरी सुंदर कुलर उचलून लावण्यापेक्षा आपली क्षारानं पांढरी झालेली नळी बरी. ती आपली आहे, आणि गोष्टही तिचीच आहे.

या सगळ्यात काका कुठं होते? व्हरांड्यात, पेपरमागं. ते बोलत नाहीत, पण कायद्याचा वास आला की बोलतात. भिशीच्या बायका लेख उचलून, नाव काढून, व्हॉट्सॲपवर पुढं ढकलतील, अशी काकूंना आतापासूनच काळजी. तेव्हा पेपरच्या मागून आवाज आला, "१९५७चा कायदा आहे. लिहिलं, की हक्क लिहिणाऱ्याचा. नोंदणी लागत नाही. हयातभर अन् त्यानंतर साठ वर्षं."

"मी गेल्यावर साठ वर्षं कुलर कोण वाचून राहिलं?" काकू म्हणाल्या. पेपर पुन्हा वर गेला.

मी एवढीच पुस्ती जोडली, की एखादा लेख दिवाळी अंकाला पाठवायचा मनात असेल तर तो ब्लॉगवर टाकू नका. पुष्कळ संपादकांना साहित्य अप्रकाशित लागतं, आणि फोनवर चार माणसांनी वाचलेलंही त्यांच्या लेखी प्रकाशितच. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणूस वर्षभर जपलेला एक लेख बाजूला ठेवत आलाय. पुडाची वडी तिकडं जाऊ द्या, कुलर इकडं. काकूंनी वहीत दोन रकाने आखले.

पैसे मिळतात का, हेही विचारून झालं. त्यातून वाळ्याची एक ताटी सुटली तरी मला कळवा, म्हटलं.

शेवटी सोमवार ठरला. सोमवारी दुपारी काकूंनी लेख बोलला, लाल पेन घेतलं, पार्टीची ताटी केली, चित्रांची छिद्रं केली. मला वाचायला दिला. सुरुवातीला एक परिच्छेद ऋतुचक्राचा राहिलाच होता. मी बोट ठेवलं. काकूंचा जीव तुटला, कारण कोकिळा त्यातच होती. पाच मिनिटं त्यांनी तो परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचला, आणि मग खोडला. आता लेख सुरू होतो तो असा, की काका म्हणत होते हवा गरम येते. मथळा 'सात छिद्रं'. संध्याकाळी सहाला बटण दाबलं. दोघींनी भिंतीच्या दोन्ही बाजूंना आपापले फोन धरून वाट पाहिली. साडेनऊपर्यंत एकोणीस वेळा उघडला गेला. काकूंनी त्याची फोड केली, ती अशी. मी चार वेळा, त्या स्वतः सहा वेळा, नातू दोनदा, भिशीतल्या पाच जणी, हे झाले सतरा. उरलेले दोन कोण, ते काही केल्या लागेना. काकूंना त्या दोन अनोळखी वाचकांची जी हुरहूर लागली, तिच्यापुढं भिशीच्या पाच जणींचे अंगठे आणि फुलं काहीच नव्हती.

मंगळवारी सकाळी मी झाडांना पाणी घालत होते. भिंतीवर डोकं उगवलं ते काकांचं. काका उंच आहेत, त्यांना विटा लागत नाहीत. इकडं तिकडं पाहून हळूच म्हणाले, "दोनदा मी वाचला."

मला काय बोलावं सुचेना. म्हटलं, "कसा वाटला?"

"चांगला आहे. पण सात नव्हती." त्यांनी मागं वळून दाराकडं पाहिलं. "आठ होती. पहिल्याच उन्हाळ्यात एक मी टोचलं होतं. मग म्हटलं जाऊ द्या, ती म्हणून राहिली वय झालं, तं झालं असेल."

मी ते काकूंना सांगितलं. राहवलं नाही. काकू स्टूलवर चढल्या, आत काकांच्या दिशेनं पाहिलं, आणि म्हणाल्या, की त्यांनी स्वतः मोजली तेव्हा सातच बंद होती, आणि गणितात ऐकीव आकडा धरत नाहीत.

लेखात अजून सातच आहेत.